हिरवा कुडता कोणाचा

ग्वाल्हेर, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते उघडलंच नसतंस, म्हणून पत्ता तुझ्या मित्राकडून, विहंगकडून लिहून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस. तुझा नवा नंबर काही त्याने दिला नाही. ‘समरजीतने कसम दी है’ म्हणाला. पण पत्त्याची कसम घालायला तू विसरलास, ती चूक तुझी.

आधी बातमी सांगते. मला नोकरी लागली! शाळेत नाही, कॉल सेंटरमध्ये नाही, संग्रहालयात! किला गेटजवळ धान्याचं ते जुनं गोदाम आठवतं, जिथे आपण कबुतरं मोजायला जायचो? एका ट्रस्टने ते घेऊन दुरुस्त केलंय. नाव आहे ‘अंचल संग्रहालय’. राजांच्या वस्तू इथे नाहीत, त्या बघायला लोक वर किल्ल्यावर आणि महालात जातातच. इथे आपण आहोत, दादा. ग्वाल्हेरात जे जे आले आणि परत गेले नाहीत, ते सगळे. सराफ्यातल्या एका जैन घराने पाणी गाळायचं जुनं फडकं दिलंय. झुलेलालच्या सणाला डोक्यावर घेऊन नाचतात ती परात एका सिंधी काकांनी दिलीय, आणि देताना ते स्वतःच नाचून दाखवून गेले. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बायकांनी सुयांचा डबा दिलाय. आपल्या शालिनीताई देशपांड्यांनी चकलीचा सोऱ्या दिला, आणि आता दर आठवड्याला येऊन तो कोणी नीट पुसतंय की नाही ते बघून जातात. काल म्हणाल्या, ‘अगं सोनिका, ह्याच्यावर धूळ म्हणजे आमच्या घराण्यावर धूळ.’

आमच्या मुख्य अनसूया मॅडम कॉलेजात इतिहास शिकवायच्या. त्यांचा एकच नियम आहे आणि तो मला इतका आवडलाय की रोज कोणाला तरी सांगते. वस्तूखाली काय लिहायचं ते आम्ही ठरवायचं नाही. ज्या घरची वस्तू, त्या घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत कार्ड लिहायचं. आम्ही त्यात कानामात्राही बदलायची नाही. कार्ड नाही, तर वस्तू नाही. ‘हम कौन होते हैं बताने वाले?’ असं त्या विचारतात. इतकी वर्षं पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्यांच्या ह्या एका वाक्यात कळलं.

आबांना नोकरीचं सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘अजायबघर? तिथे मेलेल्यांच्या चीजा ठेवतात.’ मी म्हटलं, ‘नाही आबा, ह्यात आपण असणार आहोत.’ तर म्हणाले, ‘हम अभी मरे नहीं.’ पण दुसऱ्या दिवशी सिटी सेंटरला ड्युटीवर जाताना पेढे घेऊन गेले, आणि बँकेतल्या सगळ्यांना सांगितलं की घरातली पहिली ग्रॅज्युएट आता सरकारी नोकरीत आहे. ट्रस्ट म्हणजे सरकार नव्हे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

इथे प्रत्येक समाजाला एक कपाट आहे, त्यातल्या मराठा कपाटासाठी आपल्या घरातलं काही द्यावं असं फार वाटतंय. आईची ट्रंक न्यायला आबांनी हो म्हटलंय. तिच्यातल्या नऊवाऱ्या तशाच पडून आहेत.

तू कसा आहेस, जेवतोस का, हे विचारत नाही. विचारलं की तू उत्तर टाळतोस.

तुझी
सोनी


२९ ऑगस्ट

प्रिय दादा,

ट्रंक उघडली. तळाशी काय होतं ते तुला ठाऊक असणार. मला नव्हतं, आणि आबांनाही नसणार, नाहीतर त्यांनी ती दिलीच नसती.

तुझा फकिराचा कुडता. हिरवा, आता शेवाळासारखा झालेला, बाहीला आईचे टाके. त्याच्यावर गुंडाळलेला, फकिराच्या गळ्यात बांधायचा लाल-पिवळा नाडा, आणि आईने आपल्या नऊवारीचे काठ जोडून शिवलेली ती एवढीशी झोळी. मी सगळं टेबलावर मांडलं आणि सगळ्यांना सांगत सुटले. आईची दोन मुलं जन्मल्याबरोबर गेली, म्हणून तिने पिराला नवस केला होता की तिसरं जगलं तर बारा वर्षांचं होईपर्यंत दर मोहरमला त्याला फकीर करीन. तो तिसरा म्हणजे तू. मग हा कुडता घालून तू पाच दारांवर धान्य मागायला जायचास, त्या धान्याचा आई मलिदा करायची आणि तो गल्लीभर वाटायची. दख्खनहून फौजेबरोबर येताना आपल्या लोकांनी देवांसोबत हेही आणलं होतं. ‘मलापण फकीर व्हायचंय’ म्हणून मी तुझ्या मागे रडत यायचे आणि आई म्हणायची, ‘तुझ्यासाठी नवस नाही करावा लागला गं, तू फुकट आलीस!’ हे ऐकून सगळे इतके हसले, दादा, की मला वाटलं झालं, ही संग्रहालयातली सगळ्यात सुंदर वस्तू ठरली.

पण गंमत पुढेच आहे. माझ्यासोबत काम करणाऱ्या निधीने हिरवा रंग बघून तो कुडता मुसलमान घरांच्या कपाटात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी कपाटांचं काम बघणाऱ्या समित्यांची बैठक होती. त्या कपाटाचं काम इकबालभाई बघतात, आपल्या गल्लीतल्या शमीम खालाचे पुतणे. त्यांनी झोळी उचलून बघितली.

‘मॅडम, झोली पर तो नौवारी का किनारा है. हमारी अलमारी में रखेंगे तो लोग हँसेंगे.’

मग तो मराठा कपाटापाशी आला. तिथे आपल्या समाजाचे संग्रामसिंह काका बसले होते. ते म्हणाले, ‘रंग बघा की. आमच्याकडे पगडी आहे, तलवार आहे. त्यात हे फकिराचं काय काम?’

इकबालभाई म्हणाले, ‘काका, बच्चा तो आप ही के यहाँ का था.’

‘आमच्या यहाँ का? कोणाचा? नाव सांगा!’

‘अरे, कपडे पे नाम थोड़े लिखा रहता है!’

‘मग ठेवा तुमच्याकडे!’

‘आप रखिए ना, बड़े भाई हैं आप!’

चहा येईपर्यंत तो बिचारा कुडता ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. सारं ग्वाल्हेर एका छपराखाली आणायला निघालेले आम्ही, आणि इथे एका पोराच्या कपड्यांना घर मिळेना. शेवटी अनसूया मॅडम माझ्याकडे वळल्या. ‘सोनिका, कार्ड कौन लिखेगा?’

मी उभं राहून म्हटलं, ‘माझे आबा लिहितील.’ आणि बघत मी संग्रामसिंह काकांकडे होते.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, ‘ट्रंक परत आण.’

उद्घाटन नऊ नोव्हेंबरला आहे. ज्यांचं कार्ड नाही त्या वस्तू दिवाळीआधी घरोघर परत जाणार.

सोनी


१५ सप्टेंबर

दादा! दादा! तुझं कार्ड आलं!

एकच ओळ आहे, ‘ते कपडे जाळून टाक.’ सही नाही, काही नाही. पण तू लिहिलंस! स्वतः पोस्टात जाऊन कार्ड विकत घेतलंस, पिनकोडसुद्धा बरोबर घातलास. मी ते निधीला दाखवलं तर ती म्हणाली, ‘पागल है क्या, इसमें खुश होने का क्या है?’ तिला भाऊ नाही.

जाळणार नाही. एक तर इथे अगरबत्ती लावायलासुद्धा बंदी आहे. आणि दुसरं म्हणजे, तुझा राग कपड्यांवर नाही.

समाजाच्या हॉलमधल्या त्या दुपारच्या जेवणाबद्दल आपण कधीच बोललो नाही. मी बायकांच्या पंगतीत होते, तिथून जेवढं दिसलं तेवढं सांगते. कोणीतरी हसत म्हणालं, ‘जयसिंहराव, तुमचा मुलगा मोहरमचा फकीर होता म्हणे?’ आणि आबा म्हणाले, ‘आमच्या घरात असलं कधी झालं नाही.’ तू पानावरून उठलास. ‘मग मी कोण?’ एवढंच विचारलंस. आबांनी मान वर केली नाही. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीने तू नाशिकला गेलास आणि त्यानंतर घरात तुझं नाव निघालं नाही. चार वर्षं झाली.

तुला वाटतं, आबांनी तुला नाकारलं. मला वाटतं, ते फक्त त्या पंगतीत हसं व्हायला घाबरले. एवढा मोठा माणूस, खांद्यावर बंदूक टांगून बँकेच्या दारात उभा राहणारा, आणि चार पाहुण्यांच्या हसण्याला घाबरला. ह्यातलं काय जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही. पण घाबरलेला माणूस धीटही होऊ शकतो, नाही का? म्हणून मला ते कार्ड हवंय. त्यांच्या हातचं, आणि लोकांना वाचता येईल अशा जागी.

सोनी


६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलंय. पानं वाळतील, पण रागाने टाकून देऊ नकोस.

काल संग्रहालयात वस्तू देणाऱ्या सगळ्या कुटुंबांची बैठक होती. आबांना मी नुसतं सांगून ठेवलं होतं, आग्रह केला नव्हता. आणि ते आले! ड्युटीवरून सरळ, निळ्या वर्दीत, टोपी काखेत. मागच्या खुर्चीवर बसले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोनदा पाणी दिलं.

अनसूया मॅडमनी एकेक वस्तू वर धरून विचारलं, ‘ये किसके घर का है?’ लोक उठून सांगत होते. सिंधी काका पुन्हा नाचायला निघाले होते, त्यांना बसवावं लागलं. मग हिरवा कुडता वर आला. ‘ये किसके घर का है?’

आबा टोपीच्या बिल्ल्यावर अंगठा फिरवत होते.

तेवढ्यात इकबालभाईंच्या बाजूने शमीम खाला उठली. गुडघे दुखतात, म्हणून पुतण्याचा खांदा धरून.

‘किसी को याद नहीं? मुझे तो याद है. पाँच दरवाज़ों में पहला दरवाज़ा मेरा था. लड़का आता था, इतना-सा, और माँगता नहीं था, शरमाता था. पीछे से इसकी माँ कहती, बोल ना रे, बोल! मैं गेहूँ डालती तो झोली के साथ पूरा लड़का ही नीचे बैठ जाता.’ लोक हसले. खालाही हसली आणि मग थांबली. ‘घर का नाम नहीं लूँगी. जिसका है, वो खुद ले. मुझे तो बस इतना कहना था कि गेहूँ मेरा था.’

सगळ्यांना कळलं होतं, दादा. कोणी मागे वळून बघत नव्हतं, त्यावरूनच दिसत होतं.

आबा उठले. मला वाटलं, आता. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, खालाला वाकून सलाम केला, आणि दाराबाहेर निघून गेले.

मी वरच्या खोलीत जाऊन रडले. मॅडम आल्या, म्हणाल्या, ‘ज़बरदस्ती का कार्ड मुझे नहीं चाहिए. तुलाही नको ना?’ मी मान हलवली. पण खरं सांगू? मला जबरदस्तीचंही चाललं असतं.

संग्रहालय म्हणजे सगळ्यांचं घर, असं मी लोकांना किती उत्साहाने सांगत फिरले. माझ्याच घरचं कोणी तिथे टिकलं नाही.

सोनी


१० नोव्हेंबर

प्रिय दादा,

हे पत्र कुठून सुरू करू तेच कळत नाही, हात थांबत नाहीये. क्रमाने सांगते.

दिवाळीच्या चार दिवस आधी मी ट्रंक घरी आणली. नियम तो नियम. ओट्यापाशी ठेवली आणि लाडवांचं बेसन भाजायला घेतलं. आबा आले, ट्रंकेकडे बघितलं आणि बूटही न काढता खुर्चीवर बसले.

‘त्याला लिहितेस ना तू?’

विहंगच्या पोटात काही राहत नाही, हे तू कसम घालतानाच ओळखायला हवं होतंस. मी म्हटलं, ‘हो.’

‘तो काय म्हणतो ह्यावर?’

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. दादाने आठवण काढली, दादाला हे हवंय, असलं काहीतरी. पण रोज त्या कार्डांमधला खरेपणा लोकांना समजावून सांगते, आता घरात कशी खोटं बोलू? म्हटलं, ‘जाळून टाक म्हणतो.’

‘काय?’

‘कपडे जाळून टाक म्हणून लिहिलंय.’

आबा असे उठले की खुर्ची मागे पडली. ‘जाळून टाक? जाळायला काय त्याने शिवलेत? तुझ्या आईने दिव्याजवळ बसून शिवलेत ते, डोळ्यांना पाणी यायचं तिच्या! पाच दारांत मी उभा असायचो मागे, त्याला ठाऊक तरी आहे का? पोरगा उन्हात जातो म्हणून मी छत्री धरून चालायचो, गल्ली हसायची! आणि हा म्हणतो जाळून टाक! उसको हक किसने दिया?’

बेसन करपलं. मी गॅस बंद केला, पण बोलले काहीच नाही, दादा. आयुष्यात पहिल्यांदा बोलले नाही.

मग पडलेली खुर्ची उचलून ठेवत ते म्हणाले, ‘तुझं ते कार्ड कुठाय?’

दिवाणावर पाट घेऊन लिहायला बसले. बँकेच्या वहीत ‘सब ठीक’ लिहिण्यापलीकडे त्यांनी किती वर्षांत काही लिहिलं नसेल. म्हणाले, ‘मराठीतच लिहितो. हिंदीत लिहिलं तर सगळेच वाचतील.’ मग पेन तसंच धरून थांबले. ‘खाली हिंदीतही लिहितो,’ म्हणाले.

कार्ड असं आहे: ‘हे कपडे माझ्या मुलाचे, समरजीतचे. त्याच्या आईने नवस केला होता. तो आम्ही दोघांनी बारा वर्षं पाळला. मागे एकदा मी चार लोकांत नाही म्हटलं होतं. ते खोटं होतं. मुलगा नाशिकला असतो. – जयसिंहराव’

मी काहीही सुचवलं नाही. शपथ.

आता उद्घाटन. दादा, केवढी गर्दी! सिंधी काका नाचले, ह्या वेळी कोणी अडवलं नाही. शालिनीताईंनी सोऱ्याशेजारी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला चकली मोडू नये म्हणून काय करायचं, ते सांगितलं. कुडता जिन्याच्या वळणावरच्या कपाटात आहे. वर जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यासमोरूनच जावं लागतं. पत्रकारांनी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या की हे फार विचारपूर्वक केलंय. खरं म्हणजे दुसरीकडे कुठे जागाच उरली नव्हती. खालाने आपलं वेगळं कार्ड लिहिलंय, ‘गेहूँ मेरा था’, आणि तेही त्याच काचेत आहे.

संग्रामसिंह काका त्या कपाटापुढे बराच वेळ उभे होते. मला वाटलं आता भांडण होणार. तर हळूच जवळ येऊन विचारतात, ‘सोनिका, इतकं जुनं कापड टिकवतात कसं गं? कसर लागत नाही?’ मी म्हटलं, ‘काका, तुमच्याकडे आहे का असं काही?’ तर ‘छे, सहज विचारलं’ म्हणाले आणि कापूस ठेवायचा की सुती फडकं, तेही विचारून घेतलं.

आबा सगळ्यात शेवटी आले. वर्दीत नाही, पांढऱ्या शर्टात. गर्दी ओसरेपर्यंत खाली थांबले, मग जिना चढून काचेसमोर उभे राहिले आणि स्वतःचंच कार्ड वाचत राहिले. मॅडम तिथेच होत्या. त्यांना म्हणाले, ‘मॅडम, एक शब्द राहिलाय.’

मॅडम म्हणाल्या, ‘आम्ही बदलू शकत नाही. तुम्ही बदलू शकता.’ आणि त्यांनी स्वतः कुलूप काढून काच सरकवली.

आबांनी खिशातून पेन काढलं. कार्ड भिंतीवर टेकवून, ‘नाशिकला असतो’च्या आधी वरच्या बाजूला, दोन शब्दांच्या मधे बसेल एवढं बारीक लिहिलं, ‘सध्या’.

मग पेनला टोपण लावून मला म्हणाले, ‘त्याला वेळ कळव.’

तर कळवते. अकरा ते सहा. सोमवारी बंद असतं.

तुझी
सोनी